बिल्स बफेलोत कसे राहिले

चि. ओंकार,


तुझ्या घरमालकीणबाई म्हणाल्या की २०१४ साली बिल्स, म्हणजे बफेलोचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, जवळजवळ गेलेच होते, आणि ते सांगताना त्यांचा गळा दाटून आला. संघ कुठे जाणार होता, का जाणार होता आणि त्यासाठी एखाद्या बाईच्या डोळ्यांत पाणी का यावं, असं तू विचारलं आहेस. फोनवर हे नीट सांगून झालं नसतं, म्हणून लिहायला बसले. माझी सगळी वकिली मृत्युपत्रं आणि वाटण्या यांत गेली. मला ही गोष्ट वारशाची वाटते, आणि तशीच सांगते.

तू कोल्हापूरचा. पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा संघ उद्या कुणी उचलून सोलापूरला नेणार आहे असं म्हटलं, तर पेठेतली पोरं हसतील. तो संघ तालमीचा, तालीम पेठेची. विकणार कोण आणि कुणाला? तिकडे अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचा संघ ही एखाद्या माणसाची खासगी मालमत्ता असते. एनएफएल या तिथल्या फुटबॉल लीगमध्ये असे ३२ संघ आहेत. फक्त ग्रीन बे या लहानशा गावाचा संघ लाखो भागधारकांच्या मालकीचा आहे आणि तशी मालकी आता इतर कुणाला मिळत नाही. बाकी ठिकाणी मालकाने मनात आणलं आणि तीन चतुर्थांश मालकांनी संमती दिली की संघ दुसऱ्या शहरात जाऊ शकतो. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या संघाचं सामान एका रात्रीत ट्रकांत भरून इंडियानापोलिसला गेलं. सकाळी शहर उठलं तेव्हा संघ नव्हता.

बफेलोवर ही वेळ येणं अगदी शक्य होतं. १९५० च्या सुमारास तिथे पावणेसहा लाखांवर वस्ती होती. शेजारच्या लॅकवानातला बेथलेहेम स्टीलचा कारखाना १९८०च्या दशकात मोडीत निघाला, इतर उद्योगही गेले आणि २०१० पर्यंत शहराची वस्ती निम्म्याहून कमी झाली. टीव्हीच्या हक्कांचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो, म्हणून एवढ्या शहरात संघ तग धरू शकतो. पण स्टेडियममधल्या महागड्या बंदिस्त कक्षांचं उत्पन्न, जाहिराती, प्रायोजक हे ज्याच्या त्याच्या शहराच्या ऐपतीवर. आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर, सरहद्दीपलीकडे, टोरांटोसारखं श्रीमंत शहर.

संघाचे संस्थापक राल्फ विल्सन स्वतः डेट्रॉइटचे. विम्याच्या व्यवसायातले. १९५९ मध्ये एएफएल या नव्या लीगमध्ये (ती पुढे एनएफएलमध्ये मिसळली) २५ हजार डॉलर भरून त्यांनी संघ घेतला. त्यांना आधी मायामी हवं होतं, ते जमलं नाही म्हणून बफेलो. ते तिथे राहायला कधी गेले नाहीत, तरी चोपन्न वर्षं संघ तिथेच ठेवला. १९६४ आणि १९६५ ची विजेतेपदं, मग १९९१ ते १९९४ सलग चार सुपर बाउलमधले, म्हणजे अंतिम सामन्यांतले, पराभव, हे सगळं त्यांच्याच काळातलं. १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला हलवण्यावर मालकांचं मतदान झालं तेव्हा विरोधात दोनच मतं पडली, त्यांतलं एक विल्सन यांचं. त्या एका मतासाठी मला हा माणूस फार मोठा वाटतो. स्वतःचा संघ न हलवणं ही एक गोष्ट, दुसऱ्याच्या शहरासाठी इतर मालकांच्या विरोधात उभं राहणं त्याहून अवघड.

पण माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्यामागे काय, हा प्रश्न उरतोच. विल्सन म्हातारे होत होते. आपल्या हयातीत संघ विकणार नाही, आपल्या पश्चात तो कुटुंबाकडे न जाता विकला जाईल, असं त्यांनी ठरवलं होतं. याला तिथला वारसा कर कारण असतो. मायामीच्या संघाचे मालक जो रॉबी १९९० मध्ये गेले आणि त्या कराच्या ओझ्यापायी कुटुंबाला १९९४ मध्ये संघ सोडावा लागला. बफेलोच्या लोकांना हे माहीत होतं. त्यात २००८ पासून संघ वर्षाकाठी एक सामना टोरांटोत खेळू लागला, तेव्हा शहराने काय अर्थ घ्यायचा तो घेतला. दर मोसमात एका वृद्ध माणसाच्या तब्येतीची चौकशी करत जगणं कसं असेल, विचार कर.

इथे माझ्या धंद्यातली गोष्ट येते. तेव्हाचं स्टेडियम एरी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मालकीचं होतं, संघ तिथे भाडेकरू. २०१२ च्या अखेरीला न्यूयॉर्क राज्य, काउंटी आणि संघ यांच्यात दहा वर्षांच्या नव्या भाडेपट्ट्यावर एकमत झालं. नोकरदार माणूस पगाराची चिठ्ठी वाचतो तशा त्यातल्या अटी मी लक्ष देऊन वाचल्या आहेत. संघ हलवला तर ४० कोटी डॉलर दंड. मध्ये एकदाच, सातव्या वर्षानंतर, २ कोटी ८४ लाख भरून बाहेर पडायची खिडकी. आणि शहर सोडायचा इरादा असलेल्या माणसाला संघ विकायचा नाही, ही मनाई. विल्सन यांनी हयातीत या कागदावर संघाला बांधून घेतलं. पुढे जो कोणी विकत घेईल तो या बंधनासकट घेणार होता.

२५ मार्च २०१४ ला, ९५ व्या वर्षी विल्सन गेले. संघ विश्वस्तांच्या हाती आला. पत्नी मेरी विल्सन त्यांपैकी एक. विश्वस्तांचं काम जास्तीत जास्त किंमत मिळवणं. बोली लावायला पुढे आले त्यांत डोनाल्ड ट्रम्प होते, आणि गायक जॉन बॉन जोव्ही टोरांटोच्या दोन धनाढ्यांना बरोबर घेऊन. बफेलोत एकच संताप उसळला. बारवाल्यांनी बॉन जोव्हीची गाणी लावणं बंद केलं. संघ बफेलोतच ठेवायचा आमचा प्रयत्न राहील असं त्याने वर्तमानपत्रातून लिहिलं, पण लोकांचा विश्वास बसला नाही. लोकांचा राग खरा होता आणि त्याचा उपयोगही झाला, पण टोरांटोची वाट अडवली ती त्या भाडेपट्ट्याने. बॉन जोव्हीला नुसतं वचन देता येत होतं. विल्सन यांच्या हयातीतलं कलम मात्र कागदावर होतं.

अखेर सप्टेंबरमध्ये टेरी आणि किम पेगुला या दांपत्याशी १४० कोटी डॉलरला सौदा ठरला आणि ८ ऑक्टोबरला मालकांनी तो एकमताने मान्य केला. नैसर्गिक वायूत पैसा केलेले हे लोक शहराच्या आइस हॉकी संघाचे आधीपासूनचे मालक होते. विल्सन यांच्या इस्टेटीतून सुमारे १२० कोटी डॉलर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे गेले. ती सगळी रक्कम २०३५ पर्यंत पश्चिम न्यूयॉर्क आणि आग्नेय मिशिगनमध्ये खर्च करून टाकायची आहे. तळ्याकाठच्या ज्या विल्सन यांच्या नावाच्या पार्कात तू फिरायला जातोस, त्याच्या नव्या उभारणीत तोच पैसा आहे. ज्या दोन गावांनी माणसाला घडवलं त्यांनाच मालमत्ता परत, ही व्यवस्था मी आजवर वाचलेल्या मृत्युपत्रांत वरच्या ओळीत ठेवेन.

आता कडू भाग. जुना भाडेपट्टा संपत आला तशी पुन्हा इतर शहरांची कुजबुज सुरू झाली, आणि २०२२ मध्ये नव्या स्टेडियमचा करार झाला: राज्याचे ६० कोटी, काउंटीचे २५ कोटी, मिळून ८५ कोटी डॉलर जनतेचे. गरिबी इतकी असलेल्या शहरात एका अब्जाधीशाच्या धंद्यासाठी एवढा सार्वजनिक पैसा, हे मला पटत नाही. त्या पैशाने किती शाळा सुधारल्या असत्या, असं विचारणारे तुझ्या विद्यापीठातही भेटतील आणि ते चूक नाहीत. वाढीव खर्च संघानेच सोसायचा ही अट घातली गेली, तेवढं बरं. खर्च पुढे २०० कोटींच्या वर गेला. बफेलोने संघ राखला आणि त्याची किंमतही मोजली, हे दोन्ही तुझ्या घरमालकीणबाईंना ठाऊक असणार.

नवा करार तीस वर्षांचा आहे. टेरी पेगुला १९५१ चे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी संघाचा काही हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकला. सूत्रं मात्र स्वतःकडे ठेवली. म्हणजे हा करार चालू असतानाच पुढचा वारस यायचा आहे. तू नगररचना शिकतो आहेस, म्हणून एक सांगते: करार सार्वजनिक कागद आहे. संघ न हलवण्याचं कलम काढून नीट वाच, दंड कोणत्या वर्षापर्यंत किती आहे ते बघ, आणि मालकी बदलली तर काय होतं तेही. मग मला लिही.

तुझी,
आत्या