ओवी काही मागून येत नाही

२६ जानेवारी २०२४ ला कर्तव्य पथावरच्या संचलनाची सुरुवात नेहमीच्या लष्करी बँडने झाली नाही. शंभरावर स्त्रिया शंख, नादस्वरम, नगारे वाजवत पुढे आल्या. त्यात आपले ढोल-ताशे होते, तुतारीही होती. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये टीव्हीपुढे बसलेल्या सासूबाई खुर्चीत सरसावल्या आणि म्हणाल्या, "बाया ढोल वाजवाय लागल्या की गं!" दिल्लीत आल्यापासून अडीच महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य.

मामंजी गेले आणि ह्यांनी त्यांना सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून इथं आणलं. आमच्या ब्लॉकमध्ये समोर बिहारचं बिऱ्हाड, वर गढवालचं, खाली केरळचं. सासूबाईंना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. सकाळ-संध्याकाळ एकच धोशा, "मला गावाकडं नेऊन सोडा." पण तिथं कुलूप लावलेल्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एकटी कशी राहणार? जेवण निम्म्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा यांचं मन कशात तरी रमवा.

त्या ढोलांनी वाट दाखवली. हे म्हणाले, "आईचा गळा सगळ्या वाडीला माहीत होता. पहाटे जात्यावर बसली की शेजारच्या बायका आपलं दळण घेऊन यायच्या." मग आम्ही ठरवलं, वर्षभर महिन्यातून एकदा तरी आईंना समोर बसून लोकसंगीत ऐकवायचं. टीव्हीवरचं नव्हे, माणसाच्या तोंडून येणारं. दिल्लीत राहण्याचे जे थोडे फायदे आहेत त्यातला हा एक. सगळा देश इथं गायला येतो आणि १९९४ साली सुरू झालेलं दिल्ली हाट तर आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर!

पहिली फेरी सूरजकुंडच्या मेळ्याची. त्या वर्षी तिथं गुजरात हे मुख्य राज्य होतं, त्यामुळे मोठ्या मंचावर गरबा आणि कानठळ्या बसवणारे कर्णे. सासूबाईंनी पदर कानावर घेतला. (आपल्याकडच्या संयोजकांना लोकसंगीत म्हणजे आवाज वाढवायचं निमित्त का वाटतं, कोण जाणे!) आम्ही निघणार, तेवढ्यात वाटेच्या कडेला मेवातचे तिघे जोगी वाजवत बसलेले दिसले. त्यांच्या काखेत भपंग होतं. भोपळ्याचा तुंबा कापून एका तोंडाला कातडं चढवतात, त्यातून एक तार काढून मुठीला बांधतात. एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं मूठ ओढून ताण कमीजास्त करायचा, की ते वाद्य माणसासारखं कुरकुरतं, हसतं, प्रश्न विचारतं. सासूबाई तिथंच थबकल्या.

"आगं, हे तर चौंडकं!"

खरंच की! यल्लम्माच्या जोगतिणी दारात आल्या की वाजवतात ते चौंडकं. आपलं लाकडी, त्यांचं भोपळ्याचं, एवढाच काय तो फरक. बंगालच्या बाऊलांकडेही याच जातीचं वाद्य आहे. मेवातचे हे जोगी धर्मानं मुसलमान, पण पांडवांची कथा मेवाती बोलीत गातात. हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "गाणाऱ्याला कसली जात," म्हणाल्या आणि खाली बैठकच मारली. पाऊण तासानं उठल्या ते कंबर धरूनच.

त्यानंतरचे काही महिने बरे, काही फुकट गेले. उन्हाळ्यात कुठं जाण्याची सोयच नव्हती. गणपतीत ढोल-ताशा ऐकला, ऑक्टोबरात चित्तरंजन पार्कच्या दुर्गापूजेत बंगालहून आलेले ढाकी. दिल्ली हाटच्या मंचावर एकदा राजस्थानचे मांगणियार होते. त्यांचं कमायचा नावाचं वाद्य आंब्याच्या लाकडाचं, पोट कातड्यानं मढवलेलं. गज फिरला की वाळवंटातून वारा आल्यासारखा सूर निघतो. हे लोक पिढ्यानुपिढ्या आपल्या यजमानांच्या घरी जन्माला आणि लग्नाला गातात. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आज बारसं कुणाचं हाय?" मी म्हटलं, कुणाचं नाही, हा कार्यक्रम आहे. त्यांचा चेहरा जरा उतरला. निवेदकानं दहा मिनिटांत त्यांना आटोपतं घ्यायला सांगितलं तेव्हा तर त्या रागावल्याच.

घरी आल्यावर मी मोबाईल पुढे धरला. "आई, तुम्ही जात्यावरचं काही म्हणा ना, भरून ठेवते." त्यांनी तो बाजूला सारला. "ओवी काय मागून येती? हात मोकळं असलं की तोंड बी मोकळंच."

मग मी त्यांना दुसऱ्यांच्या ओव्या ऐकवल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या प्रसिद्ध करते आहे. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या, मध्येच "आमच्याकडं ही निराळी म्हणत्यात" असं म्हणायच्या. निराळी कशी, ते मात्र सांगेनात. त्यांच्या गावात पिठाची गिरणी येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. तेव्हापासून जातं फक्त लग्नाची हळद दळायला निघे. त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबरच जाणार, हे मला दिसत होतं.

नोव्हेंबरात छठपूजा आली. समोरच्या क्वार्टरमधल्या भाभी दरभंग्याच्या. त्यांच्या व्रतात प्रसादाचा गहू धुऊन उन्हात वाळवतात आणि त्याला पाखराची चोचही लागू द्यायची नसते. मंगळवारी, ५ तारखेला, गच्चीवर राखणीला कुणी नव्हतं. सासूबाई आपणहून काठी घेऊन बसल्या. चार तास कबुतरं हाकलली! भाभींना मराठी येत नाही, यांना हिंदी येत नाही, पण दुपारपर्यंत दोघींचं छान जमलं.

त्याच रात्री शारदा सिन्हा गेल्या. छठची गाणी म्हणजे शारदा सिन्हांचा आवाज, असं बिहारमधल्या घराघरांतलं समीकरण. त्या एम्समध्ये होत्या, आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. सकाळी भाभींचे डोळे सुजलेले. पण व्रत थांबत नाही. त्यांनी पलंगाखालून गावाहून आणलेलं छोटं जातं काढलं. त्यांच्याकडे त्याला जाँता म्हणतात आणि दळतानाच्या गाण्यांना जँतसार. त्या दारात येऊन मला म्हणाल्या, "अम्माजी को भेजिए, नहाकर आएँ."

ओल्या केसांचा अंबाडा बांधून सासूबाई जात्यापाशी बसल्या. समोर भाभी, बाजूला कॉलनीतल्या आणखी तिघीजणी. भाभींनी छठचं गाणं सुरू केलं, दोन ओळी झाल्या आणि कंठ दाटून आला. त्या थांबल्या. खुंटा मात्र थांबला नाही, तो सासूबाईंच्या हातात होता. दोन-तीन फेरे नुसतीच घरघर झाली.

आणि मग ओवी आली.

आधी माहेरच्या वाटेची, मग भावाची, मग पंढरीची. आवाज कापरा होता, पण सूर अचूक. चौथ्या-पाचव्या ओवीपासून त्या बिहारी बायका शेवटचा शब्द धरून झील देऊ लागल्या, अर्थ न कळता. अखेरच्या ओवीत मामंजी होते. ती काही जुनी नव्हती, तिथंच खुंट्यावर जुळली होती. हे ऑफिसला निघालेले, जिन्यात डबा हातात घेऊन उभे राहिले ते कितीतरी वेळ खाली उतरलेच नाहीत. नवरा गेल्यावर सासूबाई माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या त्या त्या दिवशी, दळण संपल्यावर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आमचं वर्ष पुरं होत होतं. लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष, त्याही सांगलीच्या, म्हणून सासूबाईंना घेऊन गेलो. गर्दीत मागं जागा मिळाली. त्यांनी ताराबाईंकडे बराच वेळ पाहून हळूच विचारलं, "या बाई जात्यावर बसल्या आसतील का गं?"

मे महिन्यात ह्यांनी गावाकडचं जातं रेल्वेनं इथं आणलं. निजामुद्दीन स्टेशनवरचा हमाल ते उचलताना काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता ते आमच्या गॅलरीत आहे. पहाटे पाचला घरघर सुरू झाल्यावर खालच्या केरळी कुटुंबानं तक्रार केली, ती रास्तच होती. शेवटी सातची वेळ ठरली. सासूबाई दिवसाआड पावशेर हरभऱ्याची डाळ दळतात आणि मी दाराआड वही घेऊन बसते. वहीत ३९ ओव्या झाल्या आहेत. गावाकडं जाण्याचा धोशा अजून आहे, पण आता तो दिवाळीपुरता. काल एक ओवी त्यांना अर्धीच आठवली. ती आठवण्याच्या नादात पीठ जाडसर राहिलं. झुणक्याला चालेल म्हणाल्या.