रोहूला समुद्र कशाला?

अहमदपूरपासून समुद्र फार लांब. आमच्याकडे तो आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पाट्यांतून येतो, तेवढाच. तोच समुद्र मी पोत्यांनी विकत घेऊन शेततळ्यात ओतला, त्याची ही हकिकत.

2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मी अर्ज केला. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं खोदलं, आत प्लास्टिकचा कागद अंथरला. तूर-हरभऱ्याला देऊन जे पाणी राहील त्यात मासे करायचे ठरवलं. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली.

पहिली दोन वर्षं शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घातला. मग एक व्यापारी भेटला. “मासळी घाला, मासा झपाट्यानं वाढतो,” म्हणाला. भावही पेंडीपेक्षा कमी. मी वाळलेल्या हलक्या मासळीची दहा पोती उतरवून घेतली.

पहिलं पोतं सोडलं तेव्हा आई शेजारीच होती. तिनं ओंजळभर मासळी सुपात घेतली. जवळा, मांदेली, ढोमे, करंगळीहून बारके बोंबील, आणि त्यात रुपयाएवढी पापलेटं! “अरे, हे तर माणसाच्या खाण्याचं हाय,” ती म्हणाली. त्यातली चांगली मांदेली निवडून तिनं तव्यावर भाजली, लसूण-तिखट घालून चटणी केली. आम्ही ती भाकरीबरोबर खाल्ली. बाकीची पोती मात्र भरडून तळ्यात गेली.

तिसऱ्या आठवड्यात पाणी काळपट हिरवं पडलं, वर तेलकट तवंग आला. एका ढगाळ पहाटे पाहतो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडत होते. पळत जाऊन मोटर लावली, तळ्याचंच पाणी पाइपानं उंचावरून परत तळ्यात सोडलं. तरी साठ-सत्तर मासे गेले. सव्वा-दीड किलोचे कटले बांधावर ओळीनं ठेवताना हात चालत नव्हते.

लिंबोटी धरणावर मासेमारी करणारे एक भोई मामा दुपारी आले. त्यांनी काठीनं तळाचा गाळ ढवळला, वास घेतला. “रोहू शेवाळ खातो, कोंडा खातो. त्याला समुद्र कशाला चारता? जे खाल्लं न्हाई ते खाली कुजलं. पाण्यातली हवा त्यानंच खाल्ली.”

पुढं रत्नागिरीला एका लग्नाला गेलो, तेव्हा मिरकरवाडा बंदर पाहिलं. बर्फाशिवाय पडलेला बारक्या मासळीचा ढीग फावड्यानं टेम्पोत भरत होते. हा ढीग कुटीला, म्हणजे मासळीची भुकटी करायला जाणार, असं कळलं. एक किलो कुटीला चार-पाच किलो ओली मासळी लागते. कोळंबी-जिताड्यासारख्या मांसाहारी जातींना मासळीची गरज असते, हे मला मान्य आहे. पण त्या ढिगात वाढीला न लागलेली पिल्लं होती. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. माझ्या पोत्यात त्याचीच पिल्लं आली होती, आणि ती मी अशा माशांना घातली ज्यांना त्यांची गरजच नव्हती. मेलेल्या माशांइतकंच हेही मला लागलं.

मासळीऐवजी काय घालायचं, याचं उत्तर जवळच होतं. लातूर ही सोयाबीनची पेठ. तेल काढून उरलेल्या सोयापेंडीत 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. कच्चं सोयाबीन भरडून घालू नये, ते माशांना पचत नाही. कारखान्यातून आलेली, उष्णता दिलेली पेंडच घ्यावी. आता मी ती कोंड्यात मिसळून भोकं पाडलेल्या पोत्यांत भरतो आणि बांबूला बांधून पाण्यात लटकवतो. मासे पोत्याला तोंड लावून खातात. पोतं किती रिकामं झालं ते पाहून दुसऱ्या दिवशीचं खाद्य ठरवतो. ढगाळ दिवशी काहीच घालत नाही.

अहमदपूर, चाकूर, लोहा भागातल्या तळेवाल्यांना माझी विनंती आहे. कुणी स्वस्त मासळी दारात आणली तर पोतं तिथंच सोडायला लावा आणि ओंजळभर सुपात घेऊन बघा. पिल्लं दिसली तर पोतं परत पाठवा.