चवदार तळे आणि सातपुड्यातला झिरा

दरवर्षी २० मार्चला आमच्या भागातून पोरे महाडला जातात. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात, फोटो काढतात, परत येतात. त्यात गैर काही नाही. आम्हीही गेलो आहोत. पण त्याच मार्च महिन्यात आमच्याच नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या पाड्यांवर बाया नाल्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरून बसलेल्या असतात. खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरते. ते वाटीने उपसून हंड्यात ओतायचे आणि पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचे. हा झिरा. रात्री तो जास्त भरतो म्हणून काही बाया पहाटे अंधारातच येतात.

अशा एका पाड्यावर आम्ही एका मावशीला विचारले, पाणी उकळून पिता का? ती हसली. म्हणाली, "उकळायला लाकडं आणू का पाणी आणू?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, हा आदिवासींचा प्रश्न आहे, त्यांच्या संघटना बघतील. हे आम्हाला मान्य नाही. पाण्याचा प्रश्न माणूसपणाचा आहे हे या देशाला शिकवले ते बाबासाहेबांनी. मग भिल्ल-पावरा बाईचा हंडा आपल्या चळवळीच्या बाहेर कसा जातो?

महाड नीट आठवून पाहा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. दुसऱ्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी १९२७ पर्यंत तळ्यावर जायची सोय नव्हती. तिथे पाणी भरपूर होते, आडवी आली ती जात. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ते पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. म्हणजे माणसाच्या हाताने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते! पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख आहे, तो या इतिहासातून आला. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी असलेल्या पाणवठ्यावर कोणालाही अडवता येणार नाही. पण पाड्यावर सरकारी पैशाचा पाणवठाच नसेल तर? मावशीला झिऱ्यावर कोणी अडवत नाही. अडवण्यासारखे तिथे काही ठेवलेलेच नाही.

सातपुड्यात पाऊस पडत नाही असे नाही. सपाटीपेक्षा डोंगरात तो जास्तच पडतो. पण खाली काळा कातळ, वर तीव्र उतार, जंगल विरळ झालेले. पाणी मुरत नाही, धावत नर्मदेला जाते. आणि नर्मदेत काय आहे? सरदार सरोवर. महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणाने बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. १९७९ च्या लवादाने नर्मदेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा ठरवला ०.२५ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे १०.८९ टीएमसी. गुजरातला ९ दशलक्ष. आज ते पाणी कालव्याने आणि पाइपने कच्छपर्यंत पोचते. कच्छच्या माणसाने ते प्यावे, आमचे दुखणे ते नाही. पण ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या उरलेल्या पाड्यांना तेच पाणी खाली दिसते, आणि ते आणायचे तर दरड उतरून डोक्यावर हंडा घेऊन वर चढावे लागते. सरकारने त्या भागात तरंगता दवाखाना दिला. तो हवाच होता. पण पोरांना हगवण कशाने लागते हे त्या बोटीतल्या डॉक्टरलाही ठाऊक असणार.

आम्ही स्वतः सपाटीवरचे. आमच्या वस्तीत नळ आहे. पाइपलाइन आधी गावातून फिरते आणि शेवटी वस्तीत येते. गावात लोक थेट नळाला मोटार लावतात, मग आमच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसते. पाइप जातो गटाराच्या कडेने. पुरवठा बंद झाला की आतला दाब जातो आणि जिथे गळती तिथून गटाराचे पाणी आत शिरते. म्हणून आमच्या आया पहिली बादली फेकून द्यायच्या. ते पाणी का फेकायचे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, वासाने कळायचे. आता 'तुम्ही इथून पाणी भरू नका' असे कोणी म्हणत नाही. तशी गरज राहिलेली नाही. वस्ती पाइपाच्या शेपटाला ठेवली की काम होते. त्याची तक्रार कोणत्या कलमाखाली करायची, सांगा.

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले. २०२४ पर्यंत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. नंतर मुदत २०२८ पर्यंत वाढवली. आम्ही असे नळ पाहिले आहेत ज्यांच्या तोटीला कोळ्याने जाळे विणले आहे. कागदावर मात्र जोडणी झाली की घर मोजले जाते.

गुणवत्तेचे तर विचारूच नका. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय एकही नसावा, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे भारतीय मानक सांगते. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, थंड ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. आता ज्या पाड्याला रस्ताच नाही तिथून तो कसा पोचणार? म्हणजे ज्यांचे पाणी सर्वात घाण असण्याची शक्यता, त्यांचेच सर्वात कमी तपासले जाते.

पण इथे तरुणांना करण्यासारखे काम आहे. हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून एक-दोन दिवस ठेवायचे. काळे पडले तर पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संभव. दहावी झालेली पोरगी हे करू शकते. शिवाय प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाणीस्रोतांचे सर्वेक्षण होते आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. तुमच्या गावाचे कार्ड कोणते? टीसीएल पावडर शेवटची कधी आणली? ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळावर केली की वस्तीतल्या शेवटच्या तोटीवर? हे प्रश्न ग्रामसभेत विचारायला परवानगी लागत नाही.

आणि नंदुरबारमध्ये एक जास्तीचे हत्यार आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार, शहाद्याची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१४ च्या राज्याच्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची मागणी करता येते. मग ग्रामसभा पाड्याची स्वतःची. पेसाचा पाच टक्के निधी कशावर खर्च करायचा हे तिथे बसून ठरते. मंडपावर की झिऱ्याला दगडी बांधणी करून झाकण बसवण्यावर, हे मावशीला बोलू द्या.

येत्या २० मार्चला महाडला जरूर जा. जाण्याआधी आपल्या वस्तीतली शेवटची तोटी आणि जवळच्या एका पाड्यावरचा झिरा, अशा दोन बाटल्या भरून ठेवा. परत येईपर्यंत रंग कळलेला असेल. १ मेला ग्रामसभा आहे.