आधी पाणी, मग अँटीफ्रीझ

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर

चि. बंड्यास,


तुझा निरोप काल रात्री वाचला. ‘मामा, पाच गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ पाजलं, एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी आलं, बोट झाकून टाकली. आता मार्चपर्यंत काळजी नाही.’ तुझी काळजी गेली आणि माझी झोप गेली. म्हणून सकाळीच कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवतो. फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि नंतर विसरतोस. तुझ्या आईचंही लहानपणापासून हेच.

मला एवढंच सांग, ब्लॉकमधलं पाणी काढलंस का? दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग उघडलेस का? निरोपात त्याबद्दल चकार शब्द नाही.

मागून गुलाबी पाणी आलं म्हणजे ते इंजिनभर फिरलं, असं नव्हे रे. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो. तेव्हा कितीही ओतलं तरी ते ब्लॉक टाळून मॅनिफोल्डमधून थेट एक्झॉस्टला निघून जातं, आणि तळाशी नदीचं पाणी जसंच्या तसं बसून राहतं. बरं, इंजिन चांगलं तापवून ओतलं असशील, तरी आतलं पाणी पूर्ण गेलं याची खात्री काय? दोन्ही मिसळतात, आणि पातळ झालेल्या अँटीफ्रीझवर भरवसा ठेवता येत नाही. डब्यावर जे उणे ५० लिहिलंय ते फॅरनहाइट, आणि तो आकडा पाइप फुटू नये यासाठीचा आहे. गोठण्याचा तो आकडा नव्हे. भेसळ नसतानासुद्धा उणे दहा-बारा सेल्सिअसच्या आसपास त्याचा बर्फाळ लगदा व्हायला लागतो. तुझ्या बॉइसीला थंडीची लाट आली की तेवढा पारा उतरतोच, हे तूच मागच्या जानेवारीत कुडकुडत सांगत होतास.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ब्लॉकचं बीड ताणलं जात नाही, तडकतं. ‘फ्रीझ प्लग उडतील, ब्लॉक वाचेल’ असं तुला कुणीतरी सांगितलं होतं ना? ब्लॉक ओतताना आतली रेती काढायला जी भोकं ठेवतात, ती बुजवायला ते प्लग असतात. थंडीपासून राखण करणं हे त्यांचं काम नाही. उडाले तर उडाले.

तुझ्या जेट बोटीची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण इंजिन गार करायचं पाणी जेटच्या पंपातूनच येतं. बिल हॅमिल्टननं १९५०च्या दशकात न्यूझीलंडमधल्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठीच हे जेटचं काम जमवलं. उथळ पाण्यात जेट रेतीही ओढणार, आणि ती रेती ब्लॉकच्या तळाशी, नेमकी ड्रेनच्या भोकापाशी साचते. म्हणून प्लग काढलास आणि काहीच आलं नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नकोस. ताठ तार घे, भोकात घाल आणि फिरव. आधी एखाद-दुसरा थेंब येईल, मग करडा चिखल, आणि मग एकदम मनगटावर धार. ती पूर्ण थांबेपर्यंत तार फिरवत राहा. दुसऱ्या बाजूलाही तसंच कर. मॅनिफोल्ड, ऑइल कूलर, सगळ्या होजची खालची टोकं सोडव. मगच प्लग लाव आणि वरच्या होजमधून अँटीफ्रीझ भर. त्यासाठी इंजिन चालवावं लागत नाही.

माझा हट्ट तुला नवा नाही. हाताला लागल्याशिवाय काम झालं म्हणू नये. आमचं जहाज थंडीच्या बंदरात शिरायच्या आधी आम्ही डेकवरची फायर लाइन रिकामी करायचो, तेव्हा आमचे चीफ प्रत्येक ड्रेन कॉकपाशी स्वतः जाऊन उभे राहायचे आणि मगच लॉगबुकात सही करायचे. बाहेर वादळ असलं तरी. इथे मिरकरवाड्यात जून-जुलैची मासेमारी बंद झाली की आपला म्हातारा मिस्त्री अजून प्रत्येक इंजिनाच्या खाली हात घालून बघतो. आणि हल्ली सगळीकडे बघावं तर डबा ओतायची घाई! गच्ची गळते, तर फट कुठे आहे हे न बघता वॉटरप्रूफिंगचा डबा ओततात. तुझी आई गेल्या दिवाळीपासून गुडघ्याला मलम चोळतेय, एक्स-रे काढ म्हटलं की विषय बदलते. तू तरी तिला समजाव, माझं ऐकत नाही.

आणि हो, उद्या स्वस्त मिळालं म्हणून हिरवं अँटीफ्रीझ आणून ओतू नकोस. ते इथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड आणि जहर. कुत्रं चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. ग्लायकॉल म्हटलं की आमच्या पिढीतल्या मुंबईच्या माणसाला १९८६ सालचं जे. जे. रुग्णालय आठवतं. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. ते ग्लायकॉल वेगळं, पण भाऊबंदच. तुझं गुलाबी प्रॉपिलीनचं आहे, त्या मानानं निरुपद्रवी. तरी निघेल ते बादलीत धर, नदीकडे जाऊ देऊ नकोस.

आता ज्यानं झोप उडाली ते लिहितो. ब्लॉकला गेलेली चीर हिवाळ्यात दिसत नाही. कधी कधी मार्चमध्ये इंजिन नेहमीसारखं सुरूसुद्धा होतं. जेट बोटीला सुकाणू नसतं, बंड्या. मागून पाण्याचा झोत जातो तोवरच ती वळते. तू जातोस त्या हेल्स कॅन्यनच्या दरीतल्या धारेत इंजिन बसलं, तर तुझा वेगही गेला आणि वळणंही गेलं, आणि समोर खडक. दरीत फोनला रेंज नाही.

हिलरींच्या १९७७च्या गंगेवरच्या जेट बोटींचे फोटो मीच तुला दाखवले, आणि तिथूनच हे बोटीचं वेड तुझ्या डोक्यात शिरलं असं तुझी आई अजून मला ऐकवते. गंगासागरपासून वर वर जात नंदप्रयागपाशी धबधब्यानं त्यांना अडवलं, ती गोष्ट तू मला किती वेळा सांगायला लावलीस! पण त्यांच्या तीन बोटी होत्या हे तू ध्यानात ठेवलं नाहीस. एक अडली तर दोन हाताशी. तू एकटा जातोस.

या शनिवारी ताडपत्री काढ आणि दोन्ही प्लग उघड. जमत नसेल तर गाडीला जोडून एखाद्या चांगल्या मेकॅनिककडे ने. पैशांचा विचार करू नकोस, लागले तर मी देतो. मार्चमध्ये बोट पाण्यात घालायच्या आधी डिपस्टिक काढून बघ. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर स्टार्टर मारायचा नाही. आणि दुसरी बोट सोबत असल्याशिवाय हेल्स कॅन्यनला जायचं नाही.

तुझा,
मामा