तारखांमधल्या एलाबाई

चरित्र लिहायला बसलं की मला आधी विशेषणं आवरावी लागतात. शैवालांच्या अभ्यासक एला गोन्साल्विस यांच्याबाबतीतही ‘जिद्दी’, ‘काळाच्या पुढच्या’ वगैरे मंडळी दारात हजर होतीच. पण त्यांनी कळत काहीच नाही.

छापील निबंधांवर बाई ‘ई. ए. गोन्साल्विस’ आहेत. आद्याक्षरांत बाई की बुवा, कोणाला कळणार? (इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्सनं १८४३पासून समुद्रशैवालांच्या निळ्या छायामुद्रांचं पुस्तक काढलं, खाली ‘ए. ए.’ लिहिलं. पुढे एका विद्वानाने त्याचा अर्थ लावला, ‘अनामिक हौशी’!)

म्हणून मी शीर्षकं आणि साल बघते. १९४६ : डी. बी. जोशींबरोबर, वांद्र्याच्या एका तलावातली शैवालं ऋतूंगणिक कशी पालटतात. १९४७ : वज्रेश्वरीच्या गरम कुंडांतली शैवालं. त्याच सुमारास मुंबईच्या शैवालांचे ऋतुबदल. डेन्मार्कचे शैवाल-अभ्यासक बॉर्गेसेन १९२७-२८च्या हिवाळ्यात येऊन आपल्या किनाऱ्यावरची शैवालं गोळा करून गेले. मोठंच काम, पण पाहुण्याला एखादाच हंगाम मिळतो. ऋतुबदल लिहायचे, तर त्याच जागी पुन्हा पुन्हा, भर पावसातही जावं लागतं.

हे काम हाताला कळावं म्हणून मी समुद्रशैवाल दाबायला शिकले. मी राहते त्या काळेवाडीत समुद्र कुठला! पवना नदीत जलपर्णी मात्र हवी तेवढी. अलिबागहून शैवालाबरोबर कॅनभर खारं पाणीही आणते, कारण नाजूक लाल शैवालं नळाच्या पाण्यात रंग सोडतात. परातीत पाणी, पाण्याखाली जाड कागद, त्यावर सुईने एकेक फांदी मोकळी करायची आणि कागद तिरका धरून अलगद उचलायचा. वर मलमल, मग टीपकागद. डिंक सहसा लागत नाही, शैवाल आपल्याच चिकटपणाने कागद धरतं. टीपकागद बदलत राहायचे, आणि शेजारच्या काकूंना ही सुकट नाही हे पटवत राहायचं.

१९८१ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने गोन्साल्विसबाईंचा ‘इडोगोनिएलीस’ या शैवालगणावरचा ग्रंथ काढला. गोड्या पाण्यातले केसासारखे धागे हे. नुसत्या धाग्यावरून जात ठरवता येत नाही. स्त्रीबीजाच्या फुगीर पेशी धरलेल्या असाव्या लागतात. नमुना आणला आणि त्या पेशीच नसल्या, तर पुन्हा त्याच तळ्यावर जायचं.