मॅग्नमचा टिकाऊपणा : एका रात्रीचा आणि एका भेगेचा इतिहास

१/ न्यूहॉल, कॅलिफोर्निया. ५ एप्रिल १९७० ची मध्यरात्र. महामार्ग पोलीस दलाचे चार अधिकारी दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत काही मिनिटांत मारले गेले. चौघांपैकी एकानेही वयाची पंचविशी गाठली नव्हती. आज मैदानावरील सरावासाठी टिकाऊ मॅग्नम रिव्हॉल्वर निवडणाऱ्यासमोर जे पर्याय असतात, त्यांच्या घडणीवर या रात्रीची छाया आहे.

२/ प्रथम ‘डबल-अ‍ॅक्शन’ म्हणजे काय ते पाहू. चाप ओढताच चक्री फिरते, घोडा मागे जातो आणि सुटतो. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्ये केवळ चापावर चालणारे रिव्हॉल्वर मांडले. पुढे ब्यूमाँटच्या सुधारणेने घोडा अंगठ्यानेही चढवता येऊ लागला. १८५७ च्या उठावात अनेक इंग्रज अधिकाऱ्यांकडे हेच ब्यूमाँट-अ‍ॅडम्स होते.

३/ .३५७ मॅग्नम काडतूस १९३५ मध्ये आले. गोळीचा व्यास जुन्या .३८ स्पेशलएवढाच, दाब मात्र कितीतरी अधिक. म्हणून काडतुसाचे कवच मुद्दाम सुमारे एक अष्टमांश इंच लांब केले, जेणेकरून ते जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये. उलट मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल चालते.

४/ स्मिथ अँड वेसनचे पहिले मॅग्नम भारदस्त होते. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्यांना हलके शस्त्र हवे होते. सीमा गस्तीदलातील बिल जॉर्डन यांच्या आग्रहातून १९५५ मध्ये मध्यम आकाराचे ‘कॉम्बॅट मॅग्नम’, म्हणजे पुढचे मॉडेल १९, आले.

५/ त्या काळी सराव सौम्य .३८ स्पेशलवर आणि गस्त मॅग्नमवर, असा रिवाज होता. न्यूहॉलमधील काही अधिकाऱ्यांचीही हीच स्थिती होती. ज्या काडतुसांवर जीव अवलंबून, त्यांवरच सराव हवा, हा धडा मग अनेक पोलीस दलांनी घेतला.

६/ पण माणसांसाठी योग्य ठरलेला हा धडा यंत्राला जड गेला. गोळी चक्रीतून नळीत शिरते त्या तोंडाला फोर्सिंग कोन म्हणतात. मॉडेल १९ मध्ये चक्रीच्या भुजेला जागा देण्यासाठी त्याचा खालचा भाग सपाट कापलेला, म्हणून पातळ होता. १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्या सातत्याने झाडल्यावर काही नळ्यांना नेमकी तिथेच भेग पडू लागली.

७/ उत्तर म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी मॉडेल ५८६ आणि ६८६ आली. मूठ पूर्वीच्याच आकाराची, चौकट मोठी आणि फोर्सिंग कोन पूर्ण गोल.

८/ रुगरने वेगळी वाट धरली. मेणाच्या साच्यावरून ओतीव पोलादाची चौकट, बाजूला उघडणारी झडप नाही. ओतकामाचे हे तत्त्व आपल्याला परके नाही. मोहेंजोदडोची नर्तकी मेण वितळवूनच घडली आणि चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त त्याचे वर्णन आहे. १९८५ च्या जीपी१०० मध्ये चक्री पुढे आणि मागे, दोन्हीकडे चौकटीत अडकते.

९/ याउलट १९५५ चे कोल्ट पायथन. त्याचा चाप विलक्षण मऊ, जुळणी कारागिराच्या हातची. मात्र दीर्घ वापरानंतर चक्री फिरण्याचा मेळ बिघडला, की दुरुस्तीलाही तसाच निष्णात हात लागे.

१०/ तेव्हा हजारो फैरींच्या सरावासाठी वजन हा दोष नव्हे. तेच धक्का शोषते. जुने रिव्हॉल्वर घेताना ते रिकामे असल्याची खात्री करून घोडा सावकाश चढवावा. तो पूर्ण चढेपर्यंत चक्री अडकलेली हवी. बंद चक्री पुढेमागे हलू नये. फोर्सिंग कोनचा तळ उजेडात पाहावा. .३८ स्पेशलच्या सरावाने चक्रीच्या कोठ्यांत साचलेली काजळी साफ न केल्यास मॅग्नमची लांब कवचे अडकतात.

११/ १९५५ मध्ये हलकेपणा निवडणारे चुकले नव्हते. त्यांना शस्त्र दिवसभर वाहायचे होते आणि मॅग्नम क्वचितच झाडायचे होते. वापर बदलला आणि जुनी निवड अपुरी पडली. म्हणून ‘सर्वांत मजबूत कोणते?’ असे विचारण्याआधी ‘याचा वापर कसा होणार?’ हे विचारावे. न्यूहॉलनंतर पोलीस दलांनाही आपल्या सरावाविषयी हाच प्रश्न विचारावा लागला. तोपर्यंत चार तरुण गेले होते.