डिझेल तेवढं टाकून देतो

आमच्याकडे ट्रॅक्टर मागायची एक ठरलेली रीत आहे. माणूस ओट्यावर येऊन बसतो, चहा होतो, कापसाच्या भावाला शिव्या घालून होतात, आणि उठता उठता तो म्हणतो, "उद्या दोन तास रोटा मारून दे, डिझेल टाकून देतो." म्हणणाऱ्याला मनापासून वाटतं, आपण काही फुकट मागत नाही. ऐकणाऱ्यालाही वाटतं, चला, खिशातून तर काही जात नाही. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात मी मिनी ट्रॅक्टर आणला, तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय. भाऊबंदकीत नाही म्हणायची सोय नसते, त्यामुळे ट्रॅक्टर जात राहिला.

ट्रॅक्टर आणला धुळ्याहून. जिल्हा जळगाव असला तरी पारोळ्याच्या माणसाला धुळं जवळ पडतं. अठरा एचपीचा, चाकं आत घेतली की तीन फुटांत बसणारा, म्हणजे कापसाच्या चार फुटी ओळीतून निघेल असा. घेण्याचं कारण हौस नव्हतं. आमच्या खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. त्या वर्षी आखाजी होऊन गेली तरी कोणी सालाची बोली करायला आलं नाही. सालदार नाही तर बैलांना वैरण-पाणी कोण करणार? जोडी विकली. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला होता, पण तेव्हा सोडत निघायची आणि सोडतीत आमचं नाव निघालं नाही. मग निम्मे घरचे, निम्मे कर्जाचे, असे चार लाख ट्रॅक्टरला आणि रोटा, कोळप्याची फणं, बारीकसारीक सामान मिळून आणखी एक लाख.

हिशोबाचं खूळ मुलीने घरात आणलं. ती धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिच्या वहीत यंत्राचा तासाचा खर्च काढायची रीत होती. रीत जुनीच आहे, त्यासाठी १९७९ सालचं एक भारतीय मानकही आहे, क्रमांक ९१६४. खर्चाचे दोन ढीग करायचे. यंत्र चाललं नाही तरी लागणारा एक, आणि चाललं तरच लागणारा दुसरा. घसारा, व्याज, विमा, शेड पहिल्यात. डिझेल, ऑइल, दुरुस्ती, ड्रायव्हर दुसऱ्यात. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. बैल दावणीला उभा असला तरी कडबा खातोच, हे ज्याने पाहिलंय त्याला स्थिर खर्च शिकवायची गरज नाही. फरक एवढाच की बैल खाताना दिसतो. ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा राहून खातो आणि कोणाला कळत नाही.

वहीत दहा वर्षांनी ट्रॅक्टरची किंमत मूळच्या दहा टक्के उरते असं धरलं होतं. ते मला पटेना. आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक आहे. इंजिन उघडलेलं नसेल तर दहा वर्षांनीही लाखभर रुपये सहज येतील. तेवढे धरले. चार लाखांतून एक वजा, भागिले दहा, म्हणजे वर्षाला तीस हजार घसारा. मग ती म्हणाली, आता व्याज. गुंतलेली सरासरी रक्कम अडीच लाख, दहा टक्क्यांनी पंचवीस हजार.

"निम्मे तर आपलेच आहेत," मी म्हटलं. "घरच्या पैशाचं व्याज कोणाला द्यायचंय?"

तिने वहीतून मान वर न करता विचारलं, "बाबा, मग ती संघटनेची भाषणं?"

ऐंशीच्या दशकात मी शेतकरी संघटनेचा बिल्ला छातीला लावून फिरायचो. शरद जोशींनी आमच्या पिढीला एकच गोष्ट घोकायला लावली होती, ती म्हणजे उत्पादन खर्च. पुढे स्वामिनाथन आयोगाच्या दीडपट भावाच्या शिफारशीवरून भांडण झालं, तेही याच मुद्द्यावर. सरकार हमीभाव काढताना घसारा धरतं, घरच्यांची मजुरी धरतं, पण मालकीच्या भांडवलाचं व्याज आणि जमिनीचं खंडमूल्य फक्त 'सी टू' या खर्चात येतं, आणि दीडपट करताना 'सी टू' बाजूला राहतो. दिल्लीने ते व्याज धरावं म्हणून मी पारावर तावातावाने बोलत आलोय. आता तेच व्याज माझ्याच ओट्यावर, माझ्याच ट्रॅक्टरला लावायचं म्हटल्यावर मी कां कूं करत होतो. पंचवीस हजार लिहिले.

विमा आणि शेड मिळून दहा हजार. रोटा आणि इतर औजारांचा घसारा-व्याज पंधरा हजार. बेरीज झाली वर्षाला ऐंशी हजार. किल्ली फिरवायच्या आधी.

मध्येच एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा शेजारच्याने मला हळहळून सांगितलं होतं, "थांबला असतास तर पंचवीस हजार वाचले असते." वाचले असते खरे. पण घसारा आणि व्याजातून ते तासावर उतरवले तर पंधरा रुपये होतात. शिवाय नवा स्वस्त झाला की जुन्याचा भावही त्याच्यामागे उतरतो, हे कोणी सांगत नाही.

डिझेलचा आकडा आम्ही मोजून काढला, कारण त्यावर गावात प्रत्येकाचं वेगळं मत होतं. ट्रॅक्टर खळ्यातल्या सपाट जागेवर उभा केला, टाकी गळ्यापर्यंत भरली, फेस बसू दिला, पुन्हा थेंब थेंब भरून काठोकाठ केली. एक एकर रोटा मारून परत त्याच जागेवर, चाकांच्या त्याच ठशांवर आणून उभा केला आणि पाण्याच्या लिटरच्या बाटलीने भरत गेलो. सव्वादोन तासांत पाच लिटर आणि वर थोडं. कोळपणीला याहून बरंच कमी लागतं. सगळ्या कामांची सरासरी दोन लिटर धरली, ९२ रुपयांच्या हिशोबाने तासाला १८५. ऑइल, फिल्टर पंधरा रुपये. दुरुस्ती, टायर आणि रोटाची पाती मिळून सत्तर. हा आकडा माझ्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या नोंदींवरून काढला. पाती हा प्रकार तोंडी हिशोबात कधी येत नाही. काळ्या मऊ जमिनीत ती हंगाम काढतात, पण मुरमाड वावरात टोकं घासून चमच्यासारखी गोल होतात आणि रोटा माती कापायच्या ऐवजी नुसती कुटत बसतो. ड्रायव्हर मीच, पण दुसरा ठेवला असता तर तासाला ऐंशी पडले असते, म्हणून ऐंशी. चालण्याचा खर्च झाला ३५०.

आता ऐंशी हजार किती तासांनी भागायचे? वहीत वर्षाचे हजार तास होते. आम्ही दोघंही हसलो. हजार तास चालायला मी भाड्याचा धंदा उघडायला हवा. आमची दहा एकर. कापूस, मका, थोडी दादर. कापसात हा ट्रॅक्टर पेरणीनंतर दीडेक महिना उपयोगी, पुढे झाडं मिळाली की आत शिरता येत नाही. नंतर पऱ्हाटी निघाली की रोटा, रब्बीची तयारी, थोडी वाहतूक. आणि उन्हाळी नांगरट? ती याच्याने होत नाही. काळ्या जमिनीत खोल नांगर ओढायची अठरा एचपीची ताकद नाही, त्यासाठी दर वर्षी मोठा ट्रॅक्टर भाड्यानेच बोलवावा लागतो. शोरूममध्ये हे विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण शोरूममध्ये माणूस सीटवर बसून बघतो, विचारत नाही.

मीटरवरून वर्षाचे तास निघाले अडीचशेच्या आसपास. त्यातले घरचे दीडशे. उरलेले शंभर 'डिझेल टाकून देतो'चे.

ऐंशी हजार भागिले अडीचशे, ३२०. त्यात ३५० मिळवले की तासाला ६७०. गावात मिनी ट्रॅक्टरचं भाडं ७०० चालू होतं. म्हणजे स्वतःचं यंत्र, कर्ज, शेड, रात्री उठून बॅटरी चोरीला गेली नाही ना हे बघणं, या सगळ्याच्या बदल्यात तासाला तीस रुपयांचा फायदा. वर्षाला २३० तासांच्या खाली चालला तर तोही नाही. तेव्हा भाड्याने घेणंच स्वस्त. माझे साडू यावल तालुक्यात केळीवाले आहेत. त्यांच्याकडे मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन वेळच्या लागवडी, दोन ओळींतली मशागत, माती लावणं, फवारणी, खत ओढणं, म्हणून तसलाच ट्रॅक्टर वर्षात पाचशे तास सहज जातो. त्यांचा स्थिर खर्च तासाला १६० वर येतो. त्यांच्या तोंडून ऐकून मी ट्रॅक्टर घेतला होता. त्यांचा आकडा खरा होता, पण तो केळीचा होता.

तरीही मी विकणार नाही, आणि त्याचं कारण वहीत बसत नाही. जुलैत आठ दिवस झड लागते, कापसात तण गुडघ्याला येतं, मग ऊन पडतं आणि काळ्या रानात वाफसा येतो. तो दोन दिवस टिकतो, फार तर तीन. त्या दोन दिवसांत गावातल्या भाड्याच्या प्रत्येक ट्रॅक्टरला दहा जणांनी सांगून ठेवलेलं असतं. तुमचा नंबर चौथ्या दिवशी लागतो आणि तिसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा येतो. मग निंदणीला बायका लावा, त्याही मिळाल्या तर. त्या एका सकाळची किंमत काय धरायची, हे मुलीच्या सरांनाही विचारून झालं. ते म्हणाले, धरतात, पण अवघड असतं. मी ती धरली नाही. ज्याला वाफशाला रान सापडलं नाही, त्याने आपापली धरावी.

शंभर तासांचा प्रश्न मात्र आकड्यांनी सोपा केला. भाऊबंद डिझेलचे १८५ देतात, खर्च होतात ३५०. म्हणजे दर तासाला १६५ माझे, वर्षाला साडेसोळा हजार. रुपयात जेमतेम साडेआठ आणे देऊन ते मनाने मोकळे होतात, आणि मी मदत केल्याच्या समाधानात. दुसरीकडे, हे शंभर तास बंद केले तर घरचाच तास पावणेनऊशेच्या वर जातो, कारण ऐंशी हजार मग दीडशेनेच भागायचे. तेव्हा नाही म्हणण्यात माझाच तोटा, आणि ६७० मागितले तर भाड्याचा ट्रॅक्टर तीस रुपये जास्त घेऊन वर ओशाळं ठेवत नाही. ३५० च्या वरचा कुठलाही भाव मला परवडतो. मी पाचशे ठरवला, डिझेल-ड्रायव्हरसकट.

पहिल्यांदा सांगायचं होतं नानांना. नाना माझे चुलते, सत्तरीच्या पुढचे, दोन्ही मुलं सुरतला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तू आते आमनावर नफा काढी ऱ्हायना."

मी त्यांना सावडीची आठवण दिली. माझ्या वडिलांकडे एक बैल होता, नानांकडे एक. दोघांची मिळून जोडी व्हायची. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं की तुझ्या बैलाला कडबा टाकतो, वावर वखरून दे. दिवसाला दिवस मोजला जायचा. वडिलांच्या रानात तीन दिवस झाले की नानांच्या रानात तीन. एकदा अर्ध्या दिवसावरून दोघं पंधरवडाभर बोलले नव्हते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. सख्ख्या भावांचा हिशोब इतका चोख होता, कारण दोघांकडे बैल होता. ट्रॅक्टर एकाकडेच आला आणि मोजायला समोरच्याकडे काही उरलं नाही, म्हणून डिझेल पुढे आलं.

नाना गप्प राहिले. मग म्हणाले, पाचशे ठीक, पण तास मीटरवर का घड्यायवर?

प्रश्न पोहोचलेल्या माणसाचा होता. आमच्या ट्रॅक्टरचं तास-मीटर केबलवर चालतं, इंजिनाच्या फेऱ्या मोजतं. पूर्ण फेऱ्यांवर रोटा चालला तर मीटरचा तास आणि घड्याळाचा तास जुळतात. कोळपणीला इंजिन हळू ठेवलं की घड्याळात तास होतो आणि मीटर पाऊण तासावरच असतं. नानांना कोळपणी मीटरवर हवी होती. मला अर्थातच घड्याळावर. शेवटी असं ठरलं की रोटा मीटरवर, कोळपणी एकरावर, जाण्यायेण्याचा वेळ माझ्याकडे.

राहिलं त्यांचं नाल्याकाठचं मुरमाड वावर. तिथे पाती खलास होतात, तेव्हा त्या वावरापुरती पाती तुमची, असं मी म्हटलं. नानांनी तेही कबूल केलं. फक्त पाती ते स्वतः धुळ्याहून आणणार, आणि जुनी पाती भंगाराला त्यांची.